बैलानं खाल्लेला धडा

कारखान्याचा तळ, नदीकाठ
१२ नोव्हेंबर १९८६

तीर्थरूप राधाकिशन गुरुजींना,
छबूचा वाकून नमस्कार. मंजुळाकाकूंनाही सांगा.

आमी इथं पोचून तीन आठवडे झाले. राहायला पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या, तोडणीही सुरू झाली. मालक अन् मी, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तसे तळावर चाळीस कोयते हायेत. मालक तोडतात, मी मोळ्या बांधते, मग दोघं मिळून गाडी भरतो.

पहिल्यांदा एक गुन्हा कबूल करते. तुमी दिलेलं विज्ञानाचं पुस्तक मी कोपीत वाढ्याच्या भाऱ्यावर ठेवलं होतं. इथं बैलांना वाढंच घालतात, उसाचा हिरवा शेंडा. पहाटं उठून बघते तर आमच्या खिलाऱ्यानं वाढ्याबरोबर पुस्तकालाही तोंड लावलेलं. बाकीचं वाचलं, पण प्राण्यांच्या वर्गीकरणाचा अख्खा धडा त्याच्या पोटात गेला. 'समपृष्ठरज्जू' एवढा एक शब्द अन् त्याखाली अर्धा मासा तेवढा राहिलाय. मालक म्हणाले, बैल तुझ्याआधी दहावी होतो बघ.

गुरुजी, हसू नका. तुमीच माझा सतरा नंबरचा फॉर्म भरला, नववीत शाळा सुटलेल्या बाईला दहा वर्षांनी पुन्हा पुस्तक दिलंत. मार्चात पास झाले तर वस्तीवरच्या अंगणवाडीची जागा मला मिळंल. मग पुढल्या दिवाळीला गाडी जुंपायची गरज न्हाई. ह्या वर्षी ताराला आत्याबाईंजवळ ठेवून निघालो तर पाच वर्षांची पोर नाल्यापर्यंत गाडीमागं पळत आलती. तसं मला पुन्हा बघायचं न्हाई.

तेवढा धडा पत्रातून लिहून पाठवाल का? तळावर दुसऱ्या कुणाकडं दहावीचं पुस्तक न्हाई. पत्ता कारखान्याच्या शेतकी ऑफिसचा टाका, मुकादम आणून देतात.

तुमची
छबू


शिरूर
२४ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. छबूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वर्गात वाचून दाखवलं. पोरं इतकी हसली की शेजारच्या वर्गाचे मास्तर बघायला आले. तुझा खिलाऱ्या स्वतः पृष्ठवंशी. त्यानं आपल्याच खानदानाचा धडा खाल्ला. आता तोच तुझं पुस्तक. त्याच्या मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवरून बोट फिरव. गाठीगाठी लागतील, ते मणके. त्या गाठींपासून आपण सुरुवात करू.

समपृष्ठरज्जू हा शब्द लांबलचक आहे खरा, पण त्याला भिऊ नकोस. ह्या प्राण्यांची ओळख चार खुणांवरून पटते. पहिली खूण, पाठीकडून लांबीनं गेलेला एक लवचीक दांडा, त्याचं नाव पृष्ठरज्जू. दुसरी, त्या दांड्याच्या वर, पाठीच्याच बाजूला, आतून पोकळ असलेली चेतारज्जू. मेंदूचा हुकूम अंगभर नेणारी दोरी ती. तिसरी, घशाच्या बाजूला फटी, कल्लविदरे म्हणतात. चौथी, शेपटी. ह्या चारही खुणा जन्मभर राहतातच असं नाही, पण कधी ना कधी असतात. तू आणि मी आईच्या पोटात असताना आपल्याही घशाशी तशा घड्या होत्या आणि आपल्यालाही शेपूट होतं. त्याची आठवण म्हणून माकडहाड उरलं.

त्यात ज्यांच्या पृष्ठरज्जूची जागा मोठेपणी मणक्यांचा कणा घेतो, ते पृष्ठवंशी. मासे, उभयचर, सरीसृप, पक्षी आणि सस्तन. एक मजेदार भाऊबंद समुद्रात राहतो, हर्डमानिया. पिल्लू असताना पोहतो, शेपटीत रज्जू असते. मोठा झाला की एका खडकाला कायमचा चिकटून बसतो आणि रज्जू गमावतो. सोसायटीच्या निवडणुकीनंतर आमच्या इथे असं एकदोघांचं झालेलं आहे, पण ते पेपरात लिहू नकोस.

अभ्यास असा. उसाच्या फडात जे जे प्राणी दिसतील त्यांची नावं लिहून वर्ग पाड आणि मला पाठव.

इथे दुसऱ्या वर्षीही पाऊस नाही. टँकर चार दिवसांनी येतो. मी दर रविवारी वस्तीवर जाऊन तुझं पत्र तुझ्या सासूबाईंना, बायनाबाईंना वाचून दाखवतो. त्या प्रत्येक ओळ दोनदा वाचायला लावतात. तारा मजेत आहे, मला 'बैलाचे गुरुजी' म्हणते.

शुभचिंतक
राधाकिशन


कारखान्याचा तळ
८ डिसेंबर १९८६

ती. गुरुजींना नमस्कार.

पत्र मिळालं तेव्हा मी मोळी बांधत होते. हात चिकट होते, म्हणून मालकांनी धरलं अन् मी वाचलं. फडात बसून आमी दोघांनी माकडहाड चाचपून बघितलं. लई हसलो.

अभ्यास खालीलप्रमाणे. मासा: पाटात बोटाएवढे, नाव ठाऊक न्हाई. उभयचर: बेडूक. सरीसृप: नाग, धामण, घोरपड, सरडा. पक्षी: बगळे, कोतवाल, चिमण्या. सस्तन: कोल्हा, मुंगूस, उंदीर, आमचे बैल, मुकादम. वटवाघूळ उडतं पण पिलाला पाजतं, म्हणून तेही सस्तन. हे मला बैलानं सांगितलं न्हाई, मी सोता ठरवलं. पाठीचा कणा नसलेले: गांडूळ, मुंगळे, गोम अन् वाळा.

आता एक विचारते. तुमाला माहीतच हाय, मी पायाळू. आईच्या पोटातून पायाकडून आले. त्यामुळं तळावर कुणाच्या पाठीत उसण भरली की आधी माझ्या कोपीकडं येतात. माणूस पालथा झोपतो, मी तीनदा पाय लावते, जड माणूस असला तर दाबून तुडवते. नव्वद टक्के बरे होतात. परवाच धुळाजी मुकादम येऊन गेले. पण तुमचं पत्र वाचल्यापास्नं पाय लावताना मनात येतं, की खाली नेमकं हाय काय? त्या मणक्यांच्या आत दोरी कुठून जाती? ती दुखावली तर काय होतं? पेपरात येणार नसंल तरी सांगा.

आत्याबाईंना सांगा, ह्यांचा खोकला गेला.

छबू


शिरूर
२० डिसेंबर १९८६

चि. सौ. छबूस आशीर्वाद.

दहापैकी नऊ. मुकादमाला सस्तनात घातल्याबद्दल अर्धा गुण जास्त द्यायला हवा होता. एक गुण वाळ्यानं खाल्ला. वाळा दिसतो गांडुळासारखा, पण तो साप आहे आणि त्याला पुरता कणा आहे. गांडुळाची दोरी पोटाकडून जाते, आपली पाठीकडून. बाहेरून दिसण्यावर जाऊ नये, खुणा बघाव्यात.

वटवाघळाचं तू स्वतः ठरवलंस, हे वाचून मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात गेलो आणि मंजुळेला सांगितलं. ती म्हणाली, पोळी करपते, बाजूला व्हा.

आता तुझा प्रश्न. माणसाच्या कण्यात तेहतीस मणके असतात, काही एकमेकांना जोडून गेलेले. प्रत्येक मणक्याला मागच्या अंगाला भोक असतं. एकाखाली एक मणके बसले की त्या भोकांची नळी तयार होते आणि त्या नळीतून चेतारज्जू खाली जाते. दोरी म्हणतात, पण ती दोरीसारखी चिवट नाही. लोण्याच्या गोळ्याएवढी नाजूक समज. निसर्गानं उगीच एवढा हाडांचा बंदोबस्त केलेला नाही.

उसण म्हणजे बहुधा स्नायू आखडलेला असतो. तिथे तुझ्या पायानं ऊब मिळते, दाब मिळतो, माणसाचं मन निवांत होतं. मी विज्ञानाचा मास्तर असून दोन वर्षांपूर्वी तुझ्याच अंगणात पालथा पडलो होतो, हे कुणाला सांगू नकोस. पण माणूस उंचावरून पडला असेल, मणका मोडल्याचा संशय असेल, तर त्याच्या पाठीला पाय काय, बोटसुद्धा लावू नये. मोडलेलं हाड आत सरकून दोरी चेपली की खालचं अंग कायमचं लुळं. अशा माणसाला पायाची बोटं हलवायला सांगावं. हलली तर दोरी शाबूत आहे. मग त्याला न वाकवता, न वळवता सपाट फळीवर घेऊन दवाखान्यात न्यावं. बैलगाडीचे हिसके नकोत.

हे पेपरात येणार नाही. पण तू विचारलंस म्हणून लिहिलं. फार लांबलं, कंटाळली असशील.

राधाकिशन


शिरूर
३० जानेवारी १९८७

सौ. छबूस,

चाळीस दिवस झाले, तुझी ओळ नाही. मी मध्ये दोन कार्डं टाकली, त्यांनाही उत्तर नाही. परीक्षेचं प्रवेशपत्र माझ्या टेबलावर येऊन पडलंय. तुझ्या नावापुढे माझ्या अक्षरात लिहिलेला नंबर रोज बघतो.

मी रागावलोय, हे स्पष्टच लिहितो. एकतीस मेला मी निवृत्त होतोय, त्यानंतर आष्टीला मूळ गावी जाणार. अठ्ठावीस वर्षं फळ्यावर माशापासून माणसापर्यंत चित्रं काढली. पोरांनी ती वहीत उतरवून घेतली, पेपरात लिहिली आणि विसरून गेली. तू पहिली, जिनं उलट विचारलं, की खाली नेमकं काय आहे. म्हणून जीव अडकला. कामाचा शीण असतो हे मला कळतं. पण सोडायचं होतं तर दोन शब्द लिहून सोडायचं होतंस.

बायनाबाई दर रविवारी ओट्यावर बसून वाट बघतात. मी मोकळ्या हातानं जातो.

राधाकिशन


कारखान्याचा तळ
६ फेब्रुवारी १९८७

ती. गुरुजी,

हे पत्र एकट्यानं वाचा. वस्तीवर नेऊ नका. तुमी माझं पत्र आत्याबाईंना वाचून दाखवता, म्हणूनच इतके दिवस लिहिलं न्हाई. मी खोटं लिहिलं असतं तर तुमी खोटं वाचलं असतं, अन् खरं लिहिलं असतं तर त्या माउलीनं अंथरूण धरलं असतं.

दोन जानेवारीला गाड्या कमी पडल्या म्हणून ट्रक लावला होता, तो भरताना मालक चढायच्या फळीवरून पडले. डोक्यावर मोळी होती. दवानं फळी ओली होती, पाय सरकला अन् पाठीवर आले खाली, मोळी वरून. मी मागून माझी मोळी घेऊन चढत होते. डोळ्यांदेखत झालं सगळं.

सगळे पळत आले. धुळाजी मुकादम म्हणाले, घाबरायचं काम न्हाई, बायको घरचीच पायाळू हाय. चौघांनी धरून त्यांना पालथं करायला घेतलं. मालक कण्हत होते. साखराबाई म्हणून एक म्हातारी हाय तळावर, सगळे तिचं ऐकतात. ती म्हणाली, चप्पल काढ अन् ठेव पाय, उशीर केला तर उसण गाठ धरंल.

गुरुजी, मी चप्पल काढलीपण होती. सवयच ती. पाय उचलला अन् तुमचं पत्र डोळ्यांपुढं आलं. आदल्याच आठवड्यात आलेलं, पोलक्यात ठेवलेलं होतं. लोण्याच्या गोळ्याएवढी नाजूक. मी उचललेला पाय खाली मातीत ठेवला अन् म्हणाले, पालथं करू नका, सगळे मागं सरका.

मग जे बोलणं खाल्लं ते मलाच ठाऊक. जगाच्या पाठी बऱ्या करती अन् सोताच्या नवऱ्याला पाय जड झाला, अशी बोलली साखराबाई. कुणी म्हणालं, शिकून शेफारली. पलीकडच्या तळावर एक पायाळू गडी हाय, त्याला आणायला दोघं पळाले. पण ह्या सगळ्यापेक्षा वाईट म्हंजे मालकच माझ्याकडं बघून रडत म्हणाले, "छबे, ठेव की गं पाय. सोसवत न्हाई."

मी म्हणाले, "न्हाई ठेवणार. बोटं हलवा."

त्यांना कळंना. मी त्यांच्या पायाशी बसून पुन्हा म्हणाले. डाव्या पायाचा अंगठा हलला. मग उजव्याची बोटं, थोडी थोडी. तेव्हा मी रडले, त्याआधी न्हाई. मग कोयता मांडीवर घेऊन त्यांच्या अंगाला लागून बसले अन् सांगितलं, ह्या पाठीला कुणी हात लावायचा न्हाई. पलीकडचा पायाळू आला, माझ्याकडं बघितलं अन् तसाच उभा राहिला.

मुकादमांनी गाडी जुंपायला सांगितली. मी गाडीलाही न्हाई म्हणाले. ज्या फळीवरून पडले, तीच फळी आणवली. सहा जणांनी एकदम उचलून त्यांना सपाट ठेवलं, डोक्याच्या दोन बाजूंना दोन चुंबळी लावल्या, लुगड्यानं फळीला बांधलं. मग तळावरच्या माणसांनी खांद्यावरून नेलं, आठ आठ जण आळीपाळीनं, दोन कोस. सगळ्यात पुढं धुळाजी मुकादम. साखराबाई शिव्या देत देत शेवटपर्यंत सोबत चालली अन् सावलीसाठी फळीवर पदर धरला. ह्या लोकांचं कसं फेडू मी?

डॉक्टरांनी फोटो काढला. कमरेच्या वरचा एक मणका चिरलाय, आतली दोरी शाबूत हाय. डॉक्टरांनी विचारलं, कुणी चोळलं-तुडवलं का? मी न्हाई म्हणाले. ते म्हणाले, बाई, तुडवलं असतं तर हा माणूस पुन्हा उभा राहिला नसता. अन् मला विचारलं, हे तुमाला कुणी शिकवलं? मी तुमचं नाव सांगितलं, शाळेचंही सांगितलं.

सहा आठवडे पाठीवर सपाट झोपायचं. पंधरा दिवस दवाखान्यात होतो, आता कोपीत. उठून उभं राहतील तेव्हा खरं, अजून एकदाही उभे राहिले न्हाईत. माझ्या वाटणीच्या मोळ्या शेजारच्या बाया बांधून देतात. रोज संध्याकाळी मी मोठ्यानं वाचते अन् ते झोपून ऐकतात. काल झोपेत 'उभयचर, सरीसृप' म्हणत होते.

मी सोडलं न्हाई गुरुजी. तुमचा रागाचा कागद दोनदा वाचला. बरं वाटलं, की कुणीतरी एवढं रागावतंय.

तुमच्या धड्यानं माझं घर राखलं. माझ्याकडं दुसरं द्यायला काही न्हाई, म्हणून एवढंच लिहिते.

छबू


शिरूर
१८ फेब्रुवारी १९८७

चि. छबूस,

माझं तीस जानेवारीचं पत्र जाळून टाक. ही गुरूची आज्ञा समज.

तुझं पत्र मी स्टाफरूममध्ये उघडलं आणि तास न घेता घरी आलो. मंजुळेला वाचून दाखवलं. मध्ये दोनदा थांबावं लागलं. तिनं उठून देवापुढे दिवा लावला. मी एरवी टोकतो, त्या दिवशी टोकलं नाही.

खरं सांगू? वीस डिसेंबरचं ते पत्र टपालात टाकताना मला वाटलं होतं, राधाकिशन, तू म्हातारा झालास, विचारलं तेवढं सांगावं, उगीच पुराण लावू नये. त्या शेवटच्या चार ओळी खोडणार होतो. शाई वाया गेली असती म्हणून राहू दिल्या. आता रोज त्याच विचारानं अंगावर काटा येतो. तू माझे आभार मानतेस. अगं, मास्तरानं सांगायचं असतं, सगळेच सांगतात. भर माणसांत, नवरा विनवत असताना, उचललेला पाय मातीत ठेवायला जे लागतं ते कुठल्या धड्यात नसतं. अठ्ठावीस वर्षांचा माझा पगार आज फिटला. मी तुझा ऋणी आहे, हे आशीर्वाद देणाऱ्या हातानंच लिहितो.

रविवारी वस्तीवर गेलो. मोकळ्या हातानं जाववेना, म्हणून तुझं पत्र हातात धरून मी मनचंच वाचलं. तोडणी जोरात, दोघं खुशाल, बैल धष्टपुष्ट. बायनाबाई म्हणाल्या, आज लई सुरेख वाचलं गुरुजी, एरवी अडखळता. मग कागदाकडे बघून विचारलं, ह्यावर ओल कावून हाय? मी म्हणालो, तांब्या लवंडला. त्या म्हणाल्या, ह्या दुष्काळात पाणी कोण सांडतं? आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी उठलो, चहासुद्धा घेतला नाही.

ऊस कमी असल्यानं ह्या वर्षी कारखान्याचा पट्टा महिनाअखेर पडणार, म्हणजे गाळप बंद होणार, असं पेपरात आलंय. दुष्काळानं एवढं एक बरं केलं, परीक्षेआधी तुम्ही घरी पोचाल. तुझ्या मालकांना, गहिनीनाथला, बैलगाडीत घालू नकोस. डॉक्टरांना विचारून ट्रकनं, फळीवरून आण. प्रवेशपत्र माझ्याजवळ जपून आहे.

राधाकिशन


वस्तीवरून
२२ जून १९८७

ती. गुरुजी आणि मंजुळाकाकूंना,
छबूचा नमस्कार. आष्टीचं घर लागलं का?

मी पास झाले. इंग्रजीत पस्तीस, एकही जास्त न्हाई, एकही कमी न्हाई. गणितात रडतखडत. विज्ञानात मात्र शंभरात चौऱ्याहत्तर. समपृष्ठरज्जू प्राण्यांची लक्षणं लिहा, असा प्रश्न आलाच होता. पुस्तकात तो धडा मी कधी वाचलाच न्हाई, तरी पुरवणी लागली. शेजारची पोरगी वळून वळून बघत होती की ही बाई एवढं काय लिहिती.

अंगणवाडीची जागाही मिळाली. एक तारखेपासून सुरू. ह्या दिवाळीला आमची गाडी जुंपायची न्हाई. ताराला सांगितलं तर ती म्हणाली, मग नाल्यापर्यंत पळायचं न्हाई का? तिला वाटत होतं तो खेळ असतो.

आत्याबाईंना सगळं आधीच कळलं होतं. त्या रविवारी तुमी चहा न पिता उठलात, तेव्हाच. त्यांनी तुमाला कळू दिलं न्हाई, की तुमी अवघडाल. आता म्हणतात, गुरुजींना खोटं वाचता येत न्हाई, फार चांगला माणूस.

लोक अजून पाठ घेऊन येतात. मी आधी विचारते, पडलात का, बोटं हलतात का. मग बघते पाय लावायचा का दवाखान्याची वाट दाखवायची. काहीजण कुरकुरतात. येतात तरी.

तुमी माझ्यासाठी जे केलं ते मी जन्मभर विसरणार न्हाई. तुमच्या चारही पत्रांना, जाळा म्हणालात त्या रागाच्या पत्रालाही, खाकी पुठ्ठा घालून पुस्तकात, त्या फाटलेल्या पानांच्या जागी शिवलंय. खिलाऱ्यापासून लांब, उतरंडीवर ठेवलंय.

खाली मालकांना दोन ओळी लिहायच्यात. चौथी शिकलेत, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या.

छबू

गुरुजी, पाया पडतो. मी गहिनीनाथ. कंबरंला पट्टा हाय पन काठी सोडली. टपालाची पेटी शिरूरच्या फाट्यावर हाय, आमच्या वस्तीपून दीड कोस. छबू म्हनली कुनाच्या हाती देऊ. मी म्हनलं न्हाई. हे पत्र मी सोता चालत जाऊन टाकनार हाय.